मावशीबरोबर वकिलातीसमोर

मावशींच्या घराची बेल मी एकदाच वाजवली. दार उघडायला इतका वेळ लागला की मी परत निघाले होते. शेवटी दार किलकिलं झालं आणि फटीतून मावशींचा पांढराफटक चेहरा दिसला. मी आहे हे पाहून त्या भिंतीला टेकल्या.

"बेल नको वाजवू गो पोरी. मागच्या काचेवर टकटक कर."

"काय झालं मावशी? बरं वाटत नाहीये का?"

"आमच्याकडे लढाईत कोणी गेलं की लष्कराची माणसं दारात येतात. फोन करत नाहीत, थेट येतात. बेल वाजली की माझ्या पायातलं बळ जातं."

"पण इथे न्यू जर्सीत कोण येणार?"

"डोक्याला कळतं गो ते," त्या म्हणाल्या. "पायांना कळत नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागच्या अंगणातून जायला लागले.

आमची ओळख वेस्ट विंडसरच्या इंडियन ग्रोसरी स्टोअरमध्ये झाली होती. पोह्यांच्या पिशव्या उलटसुलट करत एक म्हाताऱ्या बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, "हे फारच पातळ, ह्यांच्या मलिद्याचा लगदा व्हायचा." मराठी ऐकून मी थांबले आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

"रेवदंड्याची."

"आणि इथे मुलाकडे आलात?"

"मुलीकडे. मी इस्रायलची."

अलिबागकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायल, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांच्यातलं माणूस मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. लग्न होऊन मावशी विशीच्या आत तिकडे गेल्या, दिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावात. साठेक वर्षं तिथे काढली. नवरा कापडाच्या गिरणीत होता, तो वारला. मुलगा तिकडेच, मुलगी रिसर्चच्या नोकरीसाठी इकडे. तिच्याकडे म्हणून मावशी आल्या आणि मागे लढाई सुरू झाली. मुलाचा मुलगा शाळेत खेळ शिकवायचा. त्याला राखीव फौजेत बोलावलं. मग सोडलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बोलावलं.

त्यांची मराठी जुनी होती. गाडीला मोटर म्हणायच्या, बोटीला आगबोट. त्यांच्या मुलीला मराठी समजायची, पण ती उत्तर हिब्रूत नाहीतर इंग्लिशमध्ये द्यायची. मला वाटतं, मावशी मला जवळ करत होत्या त्या मुख्यतः मी त्यांच्याशी बोलायची म्हणून. शनिवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विसावा, सुटला की मी चहाला जायची. फोन समोर टेबलावर ठेवलेला असायचा. बोलता बोलता त्यांची नजर तिकडे जायची.

अशाच एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "न्यूयॉर्कात आमच्या वकिलातीसमोर दर रविवारी आमची माणसं उभी राहतात. मला तिथे जायचंय."

"कशासाठी उभी राहतात?"

"आमच्याच सरकारला सांगायला. की धरून नेलेल्या माणसांना परत आणा आणि ही लढाई बंद करा. तिकडे असते तर तिकडे उभी राहिले असते, आमच्या पार्लमेंटासमोर. माझी भावजय जाते, गुडघे दुखत असताना. मी इथे बसून नुसता फोन बघते."

"मुलगी नेणार नाही?"

"तिला भीती वाटते. जावयाला वाटतं, लढाई चालू असताना घरातलं भांडण रस्त्यावर नेऊ नये. त्याचंही काही अगदीच चूक नाही. पण नातू माझा आहे." मग त्यांनी विचारलं, "तू नेशील?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आम्ही इथे इतकी वर्षं राहतो, घर आहे, मुलगी इथेच जन्मली, कॉलेजात गेली. पण नवरा आणि मी अजून व्हिसावरच आहोत. ग्रीन कार्डच्या रांगेत आमची फाइल कधीपासून पडून आहे. आणि गेल्या काही काळात बातम्याच अशा येत होत्या. कोणीतरी कुठल्यातरी मोर्च्यात दिसलं, कोणीतरी काहीतरी लिहिलं, आणि मग इमिग्रेशनच्या माणसांनी त्याला रस्त्यातून उचलून नेलं. ऑफिसमध्ये माझ्या लॅबमधली दोन मुलं फोनवरचे जुने मेसेज डिलीट करत बसलेली मी पाहिली होती. मी कधी कुठल्या मोर्च्यात गेले नव्हते, तरी त्या दिवशी मीसुद्धा माझा फोन चाळला.

पण मावशी एकट्याच निघतील हेही मला कळत होतं. ट्रेनमध्ये चढतील, कुठेतरी भलतीकडे उतरतील. म्हणून मी म्हटलं, "मी नुसती सोबत येईन. उभी राहणार नाही."

"नको राहू," त्या म्हणाल्या. "बाजूला कॉफी पीत बस."

रविवारी सकाळी आम्ही प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेन धरली. मावशींनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला पुठ्ठा मांडीवर आडवा धरला होता. ट्रेन जवळजवळ रिकामी होती, तरी मी आवाज खाली करून विचारलं, "काय लिहिलंय?"

त्यांनी अभ्रा थोडा सरकवला. हिब्रू अक्षरं होती. "आमच्या मुलांना घरी आणा." मग त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला, शाळेतल्या पोरीसारख्या गोल अक्षरात, मराठीत लिहिलं होतं: पुरे झालं.

"हे कोण वाचणार मावशी?"

"मला जे म्हणायचं ते हिब्रूत मावत नाही," त्या म्हणाल्या आणि अभ्रा पुन्हा वर ओढला.

वकिलातीच्या रस्त्यावर पोलिसांनी लोखंडी कठडे लावले होते. रविवार असल्यामुळे इमारत बंद होती. कठड्यांच्या आत शंभराहून कमी माणसं असतील. बायका, म्हातारे, बाबागाडी घेऊन आलेलं एक जोडपं. हातात निळे-पांढरे झेंडे, ओलीस नेलेल्यांचे फोटो. एकजण ढोल बडवत होता. मावशी आत शिरल्या आणि लगेच कोणाशी तरी हिब्रूत बोलायला लागल्या, जणू त्यांच्या गावचा बाजार असावा. मी त्यांच्यामागे आत गेले, कारण तेवढ्या गर्दीत त्यांचा हात सोडवेना. कॉफी प्यायचं राहूनच गेलं.

मी समजत होते की रस्त्याला दोन बाजू असतील. तिथे तीन होत्या. समोरच्या फुटपाथवर आणखी काही इस्रायली उभे होते, तेच झेंडे घेऊन, आणि ते आमच्याकडे बोट दाखवून एकच शब्द ओरडत होते. मावशी म्हणाल्या, "देशद्रोही म्हणतायत." आणि पलीकडच्या कोपऱ्यावर पॅलेस्टाइनच्या बाजूच्या तरुण मुलामुलींचा एक घोळका होता. त्यांना निळा-पांढरा झेंडा दिसला की तो कोणाच्या हातात आहे, कशासाठी आहे, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते सगळ्यांवरच ओरडत होते. दोन्हीकडून येणारे आवाज इमारतींवर आपटून आमच्या डोक्यावर पडत होते.

तेवढ्यात समोरचा एक माणूस रस्ता ओलांडून कठड्यापाशी आला. दणकट, चाळिशीचा, डोक्यावर बेसबॉल कॅप. फोन उभा धरून तो एकेकाचा चेहरा सावकाश टिपत निघाला. माझ्यापाशी आल्यावर थांबला.

"तू इंडियन ना?" त्याने इंग्लिशमध्ये विचारलं. "तुझं इथे काय काम? व्हिसावर आहेस का?"

व्हिसा हा शब्द त्याने सहज टाकला असेल. पण माझ्या कानात एकदम शिट्टी वाजायला लागली. मला चेहरा झाकायचा होता आणि हात वर जात नव्हता. मावशी मध्ये आल्या. त्यांनी पुठ्ठा माझ्या तोंडासमोर धरला, मराठी बाजू बाहेर, आणि त्याच्याशी हिब्रूत बोलू लागल्या. तो ओरडला. त्या ओरडल्या नाहीत. मग तो एकदम थांबला, फोन खाली केला, काहीतरी हळू बोलला आणि परत गेला.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळे आमची पोरं मरतायत. मी म्हटलं, माझा नातू तिथेच आहे. तर म्हणाला, माझा भाऊ तिथे आहे." मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "मी त्याच्या भावाचं नाव विचारलं. आता त्याच्यासाठीही देवाकडे मागायला हवं ना."

मला वाटलं, संपलं. पण त्याने नाही, तर दुसऱ्याच कोणीतरी काढलेला फोटो दोन दिवसांनी माझ्याच फोनवर आला. मॅनहॅटनमध्ये इस्रायली झेंड्यांच्या गर्दीत देवनागरीतला 'पुरे झालं', पुठ्ठा धरलेल्या मावशी आणि त्यांच्या खांद्यामागे मी, अगदी स्पष्ट. मराठी लिहिलंय म्हणून फोटो मराठी ग्रुपांत फिरायला लागला. कोणी लिहिलं, वा, मराठी पाऊल पडते पुढे. कोणी लिहिलं, या बाईला कळतं का आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत. दुसऱ्याने नेमकं उलट्या बाजूने तेच लिहिलं. आणि मग आमच्याच ओळखीतल्या एका काकूंनी, अगदी प्रेमाने, खाली माझं नाव, गाव आणि मी कुठे काम करते ते टाकलं. 'आमची शेजारीण बरं का!'

नवरा ऑफिसमधून लवकर घरी आला. त्याने फोन माझ्यासमोर ठेवला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आपली फाइल अजून सरकारच्या टेबलावर आहे," तो म्हणाला. "तुला कळतंय ना?"

"मी काही बोलले नाही तिथे. नुसती उभी होते."

"ते फोटोत दिसतं का?"

मुलीने कॉलेजातून फोन केला. "Aai, please don't go again. Please." ती लहानपणी डॉक्टरकडे जाताना म्हणायची तसं तिने ते प्लीज म्हटलं.

काकूंनी मजकूर काढला, माफीही मागितली, पण तोवर तो कुठे कुठे गेला असेल कोण जाणे. आम्ही आमची फाइल बघणाऱ्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फुटपाथवर उभं राहणं हा गुन्हा नाही. तुम्ही काहीच चुकीचं केलेलं नाही. पण मला विचाराल तर पुन्हा जाऊ नका." एका दमात तिन्ही वाक्यं त्या बोलल्या.

त्यानंतरच्या दिवसांत भीती घरात राहायलाच आली. अनोळखी नंबर आला की मी फोन पालथा ठेवायची. ऑफिसमध्ये बॉसने "एक मिनिट येतेस?" म्हटलं की खुर्चीतून उठताना टेबलाची कड धरायची. एका दुपारी मी घरून काम करत होते. एक काळी गाडी आमच्या ड्राइव्हवेसमोर थांबली. दोन माणसं उतरली, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब्लेट. ती आमच्या घराकडे बघत काहीतरी बोलली आणि चालत दाराकडे आली.

मी स्वयंपाकघराच्या मागच्या पँट्रीत शिरले आणि दार ओढून घेतलं. डाळींच्या डब्यांमध्ये, अंधारात, तोंडावर हात दाबून उभी राहिले. बेल वाजली. पुन्हा वाजली. बाहेर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग पावलं दूर गेली. बऱ्याच वेळाने मी पुढचं दार उघडलं तर मुठीला एक रंगीत कागद लटकावला होता. छपरावर सोलर पॅनेल बसवून देणाऱ्यांची जाहिरात.

मला हसू यायला हवं होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. मावशींच्या पायांना काय होत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

मी त्यांना जाऊन सांगितलं की मला आता जमणार नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. "अगो, बरोबर आहे तुझं. तुला तुझं घर सांभाळायला हवं. मलाच कळायला हवं होतं." आणि त्यांनी मला जबरदस्तीने मलिदा, म्हणजे खोबरं घातलेले गोड पोहे, खायला लावला.

मग त्यांच्या नातवाचा फोन यायचा बंद झाला. आधीही तो मध्येच गायब व्हायचा, पण इतका नाही. त्याच्या तुकडीबद्दल बातमी होती, नावं दिली नव्हती. मावशी जेवेनाशा झाल्या. शनिवारी त्यांची मुलगी आमच्याकडे आली. आमच्या दारात ती पहिल्यांदाच येत होती. एवढी मोठ्या हुद्द्यावरची बाई, पण पायातल्या चपला वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या.

"आई उद्या जाणार म्हणते," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "मी थांबवू शकत नाही. म्हणून मीच नेतेय. पण मला फार भीती वाटते. तू येशील का?"

नवरा माझ्या मागे उभा होता. मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला हो म्हणता आलं नसतं. मग तोच म्हणाला, "मास्क लाव. आणि लायसन्स जवळ ठेव."

त्या रविवारी गर्दी जास्त होती, कारण बातमी सगळ्यांनीच ऐकली होती. मावशी मध्ये, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मी. ढोल नव्हता. लोक एकेका ओलिसाचं नाव घेत होते. कोपऱ्यावरचा घोळका वाढत वाढत कठड्यापर्यंत आला, समोरच्या फुटपाथवरचेही रस्त्यात उतरले आणि पोलीस दोघांच्या मध्ये सापडले. काचेची बाटली कोणी फेकली, कुठल्या बाजूने आली, ते अजूनही मला माहीत नाही. ती आमच्या पुढ्यात फुटली. मागून लोकांनी एकदम ढकललं, कठडा आडवा झाला आणि त्याच्यावर मावशी पडल्या.

मी त्यांच्यावर ओणवी झाले. असं करायचं ठरवलं वगैरे नव्हतं, गुडघेच वाकले. माझ्या पाठीला, कमरेला लोकांचे पाय लागत होते. खालून मावशी मराठीत म्हणत होत्या, "हात गो, माझा हात." त्यांची मुलगी किंचाळत होती. मला एवढंच आठवतं की जमिनीवर काचांचे बारीक तुकडे उन्हात चमकत होते आणि माझा मास्क कुठेतरी पडला होता.

पोलिसांनी आम्हाला बाजूला आणलं. एका तरुण पोलिसाने माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. साक्षीदार म्हणून नोंद हवी, तो म्हणाला. पर्समध्ये लायसन्स होतं. ते काढताना मी मनातल्या मनात सगळा घटनाक्रम जुळवून टाकला: हा नंबर कॉम्प्युटरमध्ये जाणार, तिथून फाइलवर जाणार, फाइल बंद होणार, घर विकावं लागणार. तरी लायसन्स दिलं. त्याने लिहून घेतलं, परत केलं आणि मावशींच्या मनगटाकडे पाहत म्हणाला, "तुमच्या आईला लवकर दवाखान्यात न्या. ते मोडलेलं दिसतंय."

त्या माझ्या आई नाहीत, असं मी सांगितलं नाही.

इमर्जन्सीमध्ये मावशींच्या हाताला कच्चं प्लॅस्टर घातलं. आम्ही तिघी एका पडद्यामागे बसलो होतो. तेव्हा मावशींचा फोन वाजला. इस्रायलचा नंबर, नाव नसलेला. मावशींनी चांगला हात मागे घेतला. "मी नाही घेणार," त्या म्हणाल्या. मुलीने फोन उचलला, हिब्रूत एक शब्द बोलली. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

मग मुलगी मराठीत म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा मी तिला मराठीत बोलताना ऐकलं, "आई, तोच आहे. पायाला लागलंय. दवाखान्यात आहे. बोलतोय."

मावशी त्याच्याशी काय बोलल्या ते हिब्रूत होतं आणि मी पडद्याबाहेर गेले.

नातवाचा पाय वाचला, पण शाळेत खेळ शिकवणं आता जमणार नाही म्हणतात. मावशी प्लॅस्टर असतानाच तिकडे परत गेल्या. मुलीने पुष्कळ अडवलं. पोलिसांकडून मला काही फोन आला नाही. आमची फाइल जिथे होती तिथेच आहे. काही घडलं नाही, आणि काही घडलं नाही म्हणून मला झोप लागते असंही नाही. टपालपेटी उघडताना मी अजून पाकिटांचे कोपरे आधी बघते, सरकारी शिक्का दिसतो का म्हणून.

मावशी आता जेरुसलेमला पार्लमेंटासमोर उभ्या राहतात. आठवड्यातून एकदा सकाळी, कामाला बसायच्या आधी, मी त्यांना व्हिडिओ कॉल करते. तिकडे दुपार कलत असते. परवा त्या मला गर्दी दाखवत होत्या. कोणी तंबू टाकलाय, कोणी सूप वाटतंय, भावजय घडीच्या खुर्चीवर बसलीये. नातूसुद्धा कुबड्या घेऊन आला होता, पण तो कोणाशी बोलत नव्हता, लांब झाडाखाली उभा होता. त्या सांगत होत्या, "आता आधीपेक्षा बरा जेवतो..." आणि हल्ल्याचा भोंगा सुरू झाला.

"थांब गो," त्या म्हणाल्या. चित्र हललं. आकाश, कोणाचे तरी बूट, पायऱ्या, अंधार. फोन चालू राहिला होता. मला एक मूल रडताना ऐकू आलं, कोणीतरी जोरजोरात सूचना देत होतं, आणि धाप. ती मावशींची होती की दुसऱ्या कोणाची, कळत नव्हतं. मी ओट्यापाशी उभी होते. "मावशी," मी म्हणत होते, "मावशी, ऐकू येतंय का?" नवरा दारात येऊन उभा राहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो.

लांबून एक धप्प आवाज आला. मग आणखी एक. मग बराच वेळ काही नाही.

"हं, आहे," त्या म्हणाल्या. "तळघरात आलोय. नातू पण आहे माझ्याशेजारी. लंगडत लंगडत माझ्या आधी पोचला." श्वास लागला होता, तरी त्यांना बोलायचं होतं. "आता सोडतील बाहेर. मग वर जाऊन पुन्हा उभं राहायचं. तू जा कामाला, उशीर होतोय तुला."

मी फोन ठेवला नाही. त्या वर जाईपर्यंत पायऱ्या मोजणाऱ्या त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले.